यादीतले पंजाबराव

मित्रांनो, मी एक जुना स्पायरल, म्हणजे बी निवडायचे यंत्र आहे. मला मोटार नाही, वायर नाही. वरच्या नरसाळ्यात सोयाबीन ओतले की ते माझ्या वळणावळणाच्या पत्र्यांवरून घरंगळत खाली येते. गोल, भरीव दाणा वेग घेतो आणि बाहेरच्या कडेने वेगळा पडतो. चपटा, फुटका दाणा आतूनच सरकत राहतो. पेरणीला गोल दाणा लागतो.

केनवडच्या बियाणे संस्थेने मला आणले तेव्हा एकेचाळीस सभासद होते. कोणाला वीस एकर, कोणाला दोन. मत मात्र प्रत्येकाला एकच. मे महिन्यात यादीप्रमाणे माझ्यापुढे पोती लागत. पेरणी झाली की मला सगळे विसरत. एका वर्षी तर नरसाळ्यात चिमण्यांनी घरटे केले.

मला आणण्यासाठी घरोघर फिरलेले पंजाबराव तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांचे नाव यादीतून खोडायला कोणाचा हात धजला नाही. हजेरीत ते नाव पुकारले की त्यांची पत्नी केशरबाई 'हजर' म्हणत आणि त्याच नंबरावर आपले बी चाळून नेत.

यंदाच्या सभेत नवा सभासद करण उठला. "मेलेला मानूस हजर कसा राह्यते?"

"तुह्यापेक्षा तं टायमावर येते तो!" मागून कोणी म्हणाले.

"हसू नका. सभासदाईचं बी आधी, बाकीच्याईचं मंग. मंग काकूचा नंबर कायले?"

नियम खरा होता. बाकीच्यांची पाळी येईपर्यंत पेरणी निघून जाते. केशरबाईंची दोन पोती दारातच उभी होती.

"मी सभासद हाय म्हून मी कवा म्हटलं?" त्या म्हणाल्या. "तुमीच नाव पुकारता. कोनी तं ओ द्यावं लागते ना!"

सचिव यूसराने कपाटातून पंजाबरावांचा जुना अर्ज काढला. वारस म्हणून त्यांनी केशरबाईंचेच नाव लिहिले होते.

"काकू, नाव लावाचा अर्ज काहून नाई केला?" तिने विचारले.

"मले कोनी सांगतलं?"

मग करणच म्हणाला, "आता करा ना. कमिटी तं इथंच बसून राह्यली."

केशरबाईंनी सही केली. कमिटीने तिथेच मंजुरी दिली. यूसराने पट्टी लावून पंजाबरावांच्या नावावर एक सरळ रेघ ओढली आणि शेजारी नवे नाव लिहिले. मला हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांचे बी माझ्यावरून उतरले, भरीव निघाले.

मित्रांनो, मला वर्षातून एकदा पुसून कोरड्या जागी ठेवा, तेवढे पुरे. पण यादीही बघत जा. गेलेल्या माणसाची आठवण जरूर ठेवा. त्याच्यामागे राहिलेल्याचे नाव मात्र त्याच वर्षी लिहून घ्या. पेरणी तोंडावर येईपर्यंत थांबू नका.