लोणच्याच्या पिंपावरचं जातं

मित्रांनो, मी एक जुनं जातं आहे. पण तुम्ही मला ओळखलंच नसतं. जपानमधल्या शिनशूच्या डोंगरात किचिझो आजोबांच्या घरी माझी वरची तळी मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर वजन म्हणून बसली होती. खालची अंगणात पडली होती, मांजराला ऊन खायला!

पाथरवटाने घडवलं तेव्हा टाकीचे घाव सोसताना मी किती कळवळलो होतो! पण पहिला कुट्टू, म्हणजे आमचं काळ्या दाण्याचं डोंगरी धान्य, दळला, पिठाचा वास घरभर सुटला आणि मी सगळं विसरलो. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी त्या पिठाच्या लांब शेवया, म्हणजे सोबा, खाल्ल्याशिवाय इथे कुणी जुन्या वर्षाला निरोप देत नाही. पुढे घरी विजेची चक्की आली. तिला पोतंभर धान्य लागतं, पण दळते भराभर. माझा मान गेला.

बियाण्याची दशा तर माझ्याहून वाईट. आजोबांचं बी चवीला एक नंबर, पण कापणीच्या तोंडावर पाऊस झाला की दाण्यांना झाडावरच मोड येत. अशा दाण्यांच्या पिठाला चिकटपणा राहत नाही, मग सोबाचे पातेल्यात तुकडे तुकडे. आजोबा जन्मभर कापणीच्या वेळी मोड न आलेली झाडं निवडून त्यांचंच बी ठेवत आले. तरी पुढच्या साली ये रे माझ्या मागल्या! शेवटी ते थकले. "यंदा मोड आले की हे बी बंद. सफरचंदं लावू," म्हणाले. माझ्या दगडी काळजातही चर्र झालं.

त्यांची नात चिनामी बियाणे केंद्रात शास्त्रज्ञ आहे. ती म्हणाली, "आजोबा, तुमचं म्हणजे वरातीमागून घोडं. कुट्टूला स्वतःचा पराग चालत नाही. मधमाश्या चांगल्या-वाईटाची सोयरीक आधीच जुळवून जातात. निवड फुलं येण्याआधी व्हायला हवी."

"आणि फुलाआधी तुला कोण सांगणार? ज्योतिषी?"

"पान सांगेल."

केंद्रातल्या यंत्रांनी कुट्टूच्या जनुकांचा मजकूर अक्षरन् अक्षर वाचला होता. मोड धरणाऱ्या आणि न धरणाऱ्या झाडांत एका जागी फरक सापडला. मोड न धरणाऱ्यांची तीच खूण! चिनामीने आजोबांच्या बियाण्याचा मोड न धरणाऱ्या वाणाशी संकर केला होता. ते बी तिने घरामागच्या उतारावर पेरलं. परक्या मधमाश्या येऊ नयेत म्हणून वर जाळी घातली आणि आत मधमाश्यांची स्वतंत्र पेटी ठेवली. रोपं वीतभर झाल्यावर प्रत्येकाच्या पानाचा टिकलीएवढा तुकडा तपासून आणला. आणि मग काय, बाई भरघोस रोपं उपटायला लागली!

"अगं ए, डोळे फुटले का तुझे?" आजोबा धावत आले. "चांगली वाढलेली लेकरं उपटतेस आणि मरतुकडी ठेवतेस?"

"मरतुकड्यांत खूण आहे, आजोबा. ओरडा खुशाल, पण जरा बाजूला उभे राहून. त्यांना पायाखाली घेताय."

ऐन कापणीला वादळ आलं. पाऊस हटेना. आजोबांच्या वावरात दाण्यादाण्याला मोड फुटले. छत्री टाकून ते चिनामीच्या तुकड्याकडे धावले, दाणे तळहातावर घेऊन चोळले. काळेभोर, टणक, एकालाही मोड नाही! आजोबा चिखलात मटकन बसले आणि लहान मुलासारखे हसू लागले.

पुढच्या पेरणीचं बी काढून अगदी थोडा कुट्टू उरला. तेवढ्यावर चक्की फिरेना. तेव्हा आजोबांनी स्वतः माझी तळी पिंपावरून उतरवली, घासघासून धुतली, टाकी लावली. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी मी पुन्हा घरघरलो! सोबा उकळत्या पाण्यात पडला, तशी सगळी डोकी पातेल्यावर वाकली. एकही शेवई तुटली नाही. आजोबांनी एक सुर्रकन ओढली.

"चव आपलीच आहे गं," ते डोळे पुसत म्हणाले.

"मग सफरचंदं?" चिनामीने चिडवलं.

"बाजारातून आणू!"

तेवढ्यात आजी कुरकुरली, "अहो, माझ्या लोणच्यावर आता काय ठेवू?"

"ती चक्की ठेव!"

मित्रांनो, जुनं बी टाकू नका, त्याची खोड तेवढी काढा. रोप किडकिडीत दिसलं म्हणून उपटू नका, आधी त्याच्या पानाला विचारा. माझं म्हणाल, तर अंगाला अजून जरा मुळ्याचा वास येतो. पण माझ्या दोन्ही तळ्या आता एकमेकींवर आहेत, आणि उतारावरचं बी उगवून आलं आहे.