धुक्यात वाळलेली द्राक्षे

मित्रांनो, माझ्या अंगावर आजवर कोणी माणूस झोपला नाही; झोपली ती फक्त द्राक्षे. मी एक जुनी मांडणी आहे. व्हेरोनाजवळच्या डोंगरावर, एका शेतघराच्या माळ्यावर माझा जन्म झाला. त्या घरचा शेतकरी गाउदेन्झिओ याने नदीकाठचे बोरू आणून लाकडी चौकटीत बसवले आणि एकावर एक असे माझे कप्पे केले. त्याची विधवा वहिनी ओर्तेन्सिया दर वर्षी तोडणीनंतर निवडक घड माझ्यावर पसरायची. हिवाळ्यात ते सुकून आक्रसत, गोडी आत साठे आणि त्यांची रेचोतो ही गोड वाइन होई. नाताळ आणि लग्नकार्य तिच्याशिवाय पार पडत नसे. बाकीच्या ताज्या द्राक्षांची रोजच्या जेवणातली हलकी वाइन व्हायची.

एका वर्षी तोडणीच्या तोंडावर गारा पडल्या. बाग झोडपली गेली. हलकी वाइन झाली, पण पाण्यासारखी पातळ. त्या काळी गावातले पुरुष बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत कामाला जात. काही परतले, काही नाही. गाउदेन्झिओनेही नाव नोंदवले होते. माळ्यावरचे घड तरले तर राहीन, नाहीतर जाईन, असे त्याने वहिनीला सांगून ठेवले होते.

आणि मग धुके उतरले. वारा पडला. माझे बोरू ओलसर झाले. खिडक्या उघडल्या तर धुके आत येई, मिटल्या तर हवा कोंडे. एके सकाळी ओर्तेन्सियाने एक घड उचलला आणि तिचा हात तसाच थांबला. घडाच्या खालच्या बाजूला करडी बुरशी होती.

गाउदेन्झिओ म्हणाला, "वहिनी, आजच चेचून टाकू. गोड नाही तर नाही, पिंपात काहीतरी पडेल."

"पातळ वाइन तळघरात आहेच, भावोजी. तिच्यात आणखी भर कशाला?"

"आणि सगळं सडलं तर? खाणीत तुम्ही उतरणार आहात?"

तिने हातातल्या घडातला सडका मणी खुडला. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला उतरावं लागू नये म्हणूनच थांबतेय."

त्याने कात्री घेतली. ओर्तेन्सियाची लेक झेलिंदाही वर आली. तिघांनी एकेक घड उलटा केला, एकेक सडका मणी कापला. भिंतीलगतचा माझा पूर्ण कप्पा रिकामा झाला. खालून आणलेला पोलेंता, मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, गार होऊन गेला, कोणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बुरशी पुढे, माणसे मागे. अखेर एका दुपारी डोंगरावरून कोरडा वारा आला. ओर्तेन्सियाने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि माझ्या चौकटीला धरून उभी राहिली.

निम्मे घड वाचले होते. जानेवारीत ते चेचले गेले. गोड वाइन काढून घेतल्यावर उरलेल्या सालींवर गाउदेन्झिओने ती पातळ वाइन ओतली. सालींतल्या गोडीने तिला दाटपणा आला, रंग चढला. हिला रिपास्सो म्हणतात. पण वसंतात ऊब वाढली तशी गोड वाइन पिंपात पुन्हा आंबून फसफसू लागली. ओर्तेन्सियाने चव घेतली. गोडी आंबण्यात पार गेली होती. रेचोतो घ्यायला शहरातला खानावळवाला त्याच दुपारी येणार होता. गाउदेन्झिओची बेल्जियमची गाडी सोमवारी होती; वाइन विकली गेली नाही तर ती धरावी लागणार होती.

खानावळवाल्याने पेला ओठाला लावला. "ही गोड नाही," तो म्हणाला. त्याने आणखी एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"पण मटणाबरोबर मला हीच पाहिजे. सगळी द्या. आणि ती सालींवरची पण."

अशा कोरड्या, जोरकस वाइनला आमच्याकडे आमारोने म्हणतात. सोमवारची गाडी गाउदेन्झिओला न घेताच गेली.

आता माळ्यावर द्राक्षे सुकवायला प्लास्टिकचे क्रेट आणि मोठे पंखे आहेत. मी कोपऱ्यात उभी आहे, माझे बोरू मोडू लागले आहेत. मला जाळायचे ठरले होते. झेलिंदाने नको म्हटले. मित्रांनो, एवढीच विनंती आहे. तुमच्या भरवशावर जे काही हळूहळू पिकत असेल, मग ते फळ असो की माणूस, त्याला रोज अलगद उचला आणि खालची बाजू बघा. वरून सगळे चांगलेच दिसते.