रुक्कूची एकादशी

कुंपणाच्या भिंतीवरचा भात सलग तिसऱ्या दिवशी वाळून चालला होता आणि सीतारामराव पानावर बसून त्याच्याकडे पाहत होते. पानावर म्हणजे खुर्चीवर. अर्धांगाचा झटका आल्यापासून मांडी घालणं सुटलं होतं, पण समोरच्या स्टुलावर केळीचं पान मात्र लागायचंच. पानातलं सगळं निवून गेलं होतं. त्यांनी बोट लावलं नव्हतं.

"अप्पा, एक घास तरी घ्या," त्यांची मुलगी वासुकी म्हणाली.

"कावळा येऊं दे."

हा नेम साठ वर्षांचा. तूपभाताचा पहिला घास कावळ्याला, त्याने चोच लावली की मग आपण. तंजावरात याचं कुणाला नवल नाही. दुपार झाली की गल्लीगल्लीत कुणी ना कुणी 'का का' करतंच. पण बाकीची माणसं हाक मारतात आणि आत जाऊन जेवतात. सीतारामरावांनी चाळीस वर्षं पोस्टात काढलेली. पोचपावती हातात पडल्याखेरीज त्यांचं समाधान होत नसे.

आजवर ते चाललं. कावळे घड्याळ लावल्यासारखे यायचे. सोमवारी रुक्कूने घोटाळा केला.

रुक्कू ही घरची मांजर, वासुकीच्या अम्माची लाडकी. अम्मा, म्हणजे हिराबाई, जाऊन चौदा महिने झाले होते. सोमवारी सकाळी रुक्कूने कावळ्याचं पिल्लू आणून थेट देवघराच्या उंबऱ्यावर ठेवलं. उडायला शिकताना खाली पडलेलं असावं; पंख अर्धेमुर्धे फुटलेले, चोच आतून लालभडक. वासुकीने ओरडून तिला हाकललं आणि पिल्लू वर्तमानपत्रात गुंडाळून परसात नेलं. तोवर वर आभाळ काळं झालं होतं. चाळीस-पन्नास कावळे नारळावर, तारांवर, टाकीवर बसून असा कल्लोळ करत होते की शेजारच्या शेषम्मा कानांवर हात ठेवून बाहेर आल्या. तासाभराने सगळे गेले. त्यानंतर त्या भिंतीवर एकही कावळा उतरला नव्हता.

सोमवारी दुपारी इन्सुलिनची सुई टोचून झाली, अप्पा वाट पाहत बसले आणि दोन वाजता त्यांचे हात थरथरायला लागले. साखर अठ्ठावन्न. साखरपाणी त्यांनी घेतलं, कारण ते औषध आहे, अन्न नव्हे. हा कायदा त्यांनी स्वतःच काढला. मंगळवारी वासुकीने भिऊन सुईच दिली नाही, तर संध्याकाळी साखर साडेतीनशेच्या वर. डॉक्टर फोनवर म्हणाले, "टीचर, तुम्ही त्यांना वाचवताय की मारताय?" वासुकी शाळेत तीस वर्षं मुलांना असलेच प्रश्न विचारत आली होती. उत्तर देण्याची वेळ तिच्यावर आली नव्हती.

आज बुधवार. आजही साखरपाणी.

"दारीं हिराच येते," अप्पा जड जिभेने म्हणाले. "तिचें पोर मारलें आपण. कशी खाईल?"

अम्माच्या मांजराने अम्माचं पोर मारलं, हा हिशेब वासुकीच्या डोक्यात बसत नव्हता. पण अर्धा जीव गेलेल्या माणसाशी तर्क कसला करायचा.

शेषम्मांनी भिंतीवरून तोड काढून दिली. "पोत्यांत घाल नि तिरुवैयारुला सोडून ये, वासुकी. कावेरीकाठीं मासेच मासे. तीही सुखी, तुम्हीही सुखी."

"परत आली म्हणजे?"

"बसला टिकीट काढून येणार काय ती?"

दुपारी चारला शेषम्मांना अप्पांपाशी बसवून वासुकी निघाली. पोतं तिच्याने झालं नाही. भाजीच्या झाकणाच्या टोपलीत रुक्कूला घातलं, दोरीने बांधलं, स्कूटरवर पायांशी ठेवलं. अग्निनक्षत्राचं, ऐन मे महिन्यातलं ऊन, आणि टोपलीतून एकसारखा आक्रोश. सिग्नलला उभी राहिली की लोक वळून बघायचे. तिला वाटायचं, सगळ्या गावाला कळलंय. तिरुवैयारुच्या रस्त्यावर गुरांच्या दवाखान्याची पाटी दिसली तशी तिने ब्रेक मारला. एवढंच विचारावं, नदीकाठी ही जगेल ना.

तिथली डॉक्टर भुवना जेमतेम तिशीची. नाव, गल्ली ऐकून ती मराठीवर आली; आजीशी बोलण्यापुरती होती तिच्यापाशी. वासुकीने पिल्लापासून भिंतीवरच्या भातापर्यंत सगळं सांगितलं आणि नदीकाठचं विचारलं.

"नाही जगणार. कुत्रे आहेत," ती म्हणाली आणि रुक्कूचं तोंड उघडून दात पाहू लागली. "खायला काय देता हिला?"

"दहीभात. सकाळ-संध्याकाळ. वर तूप."

"आणखी?"

"दूध. शनिवारी पापड."

"आणि एकादशीला?"

तिने थट्टेने विचारलं होतं. वासुकी मात्र खरं बोलली. "एकादशीला नुसतं दूध."

भुवनाने हसू दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग तिचं हसू मावळलं. "मामी, ही मांजर आहे. मांसाशिवाय तिचं शरीरच चालत नाही. तुम्ही तिला उपाशी ठेवून पुण्यवान केलंत, आणि तिचं पाप कावळ्यांनी भरलं."

"म्हणजे मांस दिलं की मारणार नाही?"

"तसं लिहून नाही देणार मी. पोट भरलेलं असलं तरी हलतं काही दिसलं की ती झडप घालते. ते तिच्या अंगातच आहे. पण कमी होईल. दोरीला पीस बांधून रोज पंधरा मिनिटं तिला पळवा, झडपा घालू द्या, मग खायला द्या. पिल्लं उडायला शिकतात ते दोन महिने सकाळ-संध्याकाळ आतच ठेवा. गळ्यात घंटा घालाल तर तिच्यावर फार भिस्त नको, तीही शिकते न वाजवता चालायला. आणि भात भिंतीवर कशाला? तिच्या उडीच्या टप्प्यात आहे तो."

वासुकी टोपली घेऊन परतली. दुकानातून मांजरांसाठीच्या शिजवलेल्या माशाची चार पाकिटं घेतली, ती घेताना पदराने अर्धं तोंड झाकलं, आणि स्कूटरच्या डिकीत हेल्मेटखाली लपवली. परसातल्या धुण्याच्या दगडापाशी जुन्या झाकणात एक पाकीट ओतलं. रुक्कूने ते ज्या तऱ्हेने खाल्लं ते पाहून वासुकीला लाज वाटली. कुणी इतकं भुकेलं आपल्या घरात होतं आणि आपण त्याला शहाणपण शिकवत होतो.

झाकण विसळेपर्यंत खुर्चीतून आवाज आला. "वासुकी. काय वास येतो?"

खोटं बोलायची तयारी तिने रस्ताभर केली होती. दारात आली आणि सगळी विसरली. "मासा आहे, अप्पा. पाकिटातला. दगडापाशी दिला, आत आणला नाही."

"या घरांत?"

"या घरात. मासा नाहीतर पाखरू. तुम्हीच सांगा, दोहोंतलं काय चालेल ते."

अप्पांच्या ओठाचा उजवा कोपरा हलत होता, डावा नव्हता. तिला वाटलं, आता ओरडतील, आणि ओरडण्यात त्यांना पुन्हा काही होईल.

"तुझी अम्मा," ते म्हणाले, "दर मंगळवारीं दोनदां न्हायची."

"काय?"

"फुलवालीकडनं सुका मासा यायचा. फुलांच्या पानांत. दगडापाशीं रुक्कूला घालायची, मग न्हायची." त्यांनी दम घेतला. "मज वाटायचें, मज ठाऊक नाहीं असें तिला वाटूं दे."

वासुकी दाराला टेकली. चौदा महिने. अम्मा गेली, मंगळवारही गेला, आणि मुलीने घरचं वळण म्हणून दोन वेळचा दहीभात चालू ठेवला. "मग मला का नाही सांगितलंत?"

"कसें सांगूं? मग मी पाहिलें होतें असें ठरतें ना." डोळ्यांत पाणी होतं, की त्या डोळ्याला हल्ली उगाच यायचं, ते कळलं नाही. "पोर मीच मारलें."

"तुम्ही कशाला? झोपा आता."

गुरुवारी सकाळी वासुकीने केरसुणीच्या काडीला दोरी बांधली, दोरीला कागदाचा बोळा, आणि एक्कावन्नाव्या वर्षी परसात पळाली. शेषम्मा भिंतीवरून बघत होत्या, "सर्कस केव्हां निघते?" म्हणाल्या. रुक्कू दमली, मासा खाल्ला, मागच्या खोलीत कडी लावल्यावर जाळीशी नखं घासत बसली. बारा वाजता वासुकी सुई घेऊन आली.

"थांब," अप्पा म्हणाले. "आधीं मज फाटकापाशीं ने. रस्त्याकडच्या खांबावर मी ठेवतों. माझ्या हातानें."

वीस पावलं होती. त्याला दहा मिनिटं लागली. डावा पाय फरफटत होता, वासुकीच्या खांद्यावर त्यांचं सगळं वजन, तापलेली फरशी. त्यांनी तूपभाताचा मुटका फाटकाच्या खांबावर ठेवला; निम्मा खाली सांडला. "का, का," त्यांनी हाक मारली. आवाज कोपऱ्यापर्यंतही गेला नसेल.

समोरच्या तारेवर एक कावळा येऊन बसला. मान एकीकडे केली, मग दुसरीकडे. खाली आला नाही.

वासुकीच्या खांद्यावरचं वजन वाढत चाललं. "अप्पा, चक्कर येईल. चला."

"येईल तो."

आणखी थोडा वेळ गेला. एक ऑटो गेली, तिच्या आवाजाने कावळा उडाला आणि दोन घरं सोडून बसला. तिथूनही तो इकडेच पाहत होता.

"चल," अप्पा म्हणाले.

आत आल्यावर वासुकीने सुई आणि ग्लुकोजचा डबा दोन्ही जवळ घेतले. यातलं काय लागणार ते तिला ठरवता येईना. पान मांडलेलं होतं. अप्पा खुर्चीत बसले, खिडकीतून नेहमीची भिंत दिसत होती, मोकळी.

"खुर्ची फिरव," ते म्हणाले.

"काय?"

"भिंतीकडे पाठ कर. मग वाढ."

तिने खुर्ची फिरवली, पानाचं स्टूल पुढे ओढलं, सुई दिली आणि भात वाढला. ते मान खाली घालून, कुणी पाहील या भीतीने चोरून खावं तसे, भराभर जेवत होते. वासुकी आमटी वाढत राहिली.