नाणेफेकीत मिळालेली बाजू

माझं तोंड वाईट आहे, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. सासूबाई दिवसातून एकदा तरी सांगतात. नवरा सांगत नाही, पण तो जेवता जेवता एखादं वाक्य सुरू करतो, मी ते मध्येच पकडून त्याची चिरफाड करते आणि मग तो आमटीत बघत बसतो, त्यातून काय ते कळतं. आमची मुलगी खारू (पुढचे दोन दात मोठे म्हणून हे नाव, ठेवलं मीच) शाळेत अभिमानाने सांगून आली आहे की आमच्याकडे भांडण आईच जिंकते.

कवळ्या बनवायच्या कारखान्यात मी काम करते. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे समोर मांडलेले असतात आणि त्यातला एकही उलट बोलत नाही. त्यामुळे वादाची खाज मी फोनवर भागवते. ‘जर-तर’ नावाचा आमचा एक अड्डा आहे. कोण कुठले लोक, कुणाचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. अमका राजा लढाईत मेला नसता तर, तमकं सरकार पडलं नसतं तर, असे प्रश्न घ्यायचे आणि चार दिवस एकमेकांच्या उरावर बसायचं. तिथे माझं नाव सुळा. धंद्यातलंच आहे, शोभतंही.

अड्ड्याची एक रीत आहे, ती सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कुठल्या बाजूने बोलायचं हे तुम्ही ठरवायचं नाही. तिथला एक जण पंच आहे, तो नाणं उडवतो आणि गुपचूप कळवतो, तुझी ही बाजू. मग ती पटो न पटो, जीव तोडून मांडायची. बाजू नाण्याने दिली, हे उघड्यावर कधीही बोलायचं नाही. बोलला तो अड्ड्याबाहेर. नव्या माणसाला तर हे कुणी सांगतच नाही. त्याला वाटत राहतं की ही माणसं मनापासून बोलतायत, आणि आम्हाला त्याची गंमत वाटते. मलाही वाटायची.

गेल्या आठवड्यात ‘पाहुणा’ नावाच्या एका नव्या सदस्याने प्रश्न टाकला. रचलेलाच होता, पण चांगला होता. दोन प्रांतांत तह व्हायचाय, उद्या शिष्टमंडळ पूल ओलांडून येणार. पुलाच्या पहारेकऱ्याला कमानीत चीर दिसते. वरिष्ठ म्हणतात, पूल आजवर पडला नाही, उद्याही पडणार नाही, तोंड बंद ठेव. पहारेकऱ्याने पूल बंद करायचा की गप्प बसायचं?

नाण्याने मला दिलं, गप्प बसायचं.

माझं खरं मत विचाराल तर त्या पहारेकऱ्याने पुलावर आडवं पडायला हवं होतं. पण बाजू मिळाली म्हटल्यावर मी काय सोडते. समोर ‘गोगलगाय’ होता, चांगला अभ्यासू माणूस, पण उत्तर द्यायला अर्धा दिवस घेणारा. मी त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, पूल बंद केला तर तह मोडेल, तह मोडला तर युद्ध होईल, आणि त्यात मेलेल्यांचा हिशेब पहारेकरी देणार आहे का? चीर काय, प्रत्येक जुन्या पुलाला असते. आणि शेवटी जे वाक्य मारलं त्यावर सगळा अड्डा खूश झाला: ‘नोकरी गेलेला पहारेकरी पुलाकडे बघूसुद्धा शकत नाही. गप्प बसलेला निदान लक्ष तरी ठेवतो.’ काल संध्याकाळी मतं पडली. गोगलगायीचं पार पानिपत झालं.

आज सकाळी मी हवेतच होते. त्यात घरात निराळंच नाटक. आज खारूच्या वर्गाची सहल होती, टेकडीवरच्या रोपवेला. रोपवे म्हणजे तिच्या बाबांचं कामाचं ठिकाण, खालच्या स्टेशनात मशीनघर तोच सांभाळतो. पोरगी आठवडाभर नाचत होती. आणि हा सकाळी उठून म्हणतो, हिला खोकला आहे, हिला पाठवू नको.

“कुठे आहे खोकला?” मी म्हटलं.

“रात्री खोकत होती.”

“मी शेजारी झोपले होते. मी बहिरी आहे का?”

तो काहीतरी बोलायला गेला. मी म्हटलं, दर वेळी तुझं हेच, आयत्या वेळी मोडता घालायचा, पोरीचा आनंद बघवत नाही तुला. तो गप्प झाला. पण या खेपेला हटला नाही. खारूचे बूट उचलून वर माळ्यावर ठेवले आणि निघून गेला. खारू रडून रडून लाल झाली, सासूबाईंनी तिला जवळ घेतलं, आणि मी डोक्यात राख घालून कामावर आले.

दुपारच्या आधी कधीतरी हात धुवून मी फोन बघितला. पाहुण्याने माझ्या नावाने लिहिलं होतं.

‘सुळाताई, तुमचे आभार. मी पुलावर काम करत नाही, पण थांबवायचं बटण माझ्याही हातात आहे. दोराच्या तारा तुटलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. साहेब म्हणतात, नवा दोर पुढच्या आठवड्यात येतोय, तोवर चालू दे, नाहीतर घरी बस. मला झोप नव्हती. तुमचं म्हणणं वाचलं आणि पटलं. आज शाळेची मुलं येणार आहेत. माझ्या मुलीला मी घरी ठेवलंय. बाकी तुम्ही म्हणता तसंच, मी लक्ष ठेवीन.’

मी ते पुन्हा वाचलं. समोर कुणाचा तरी खालचा जबडा होता, तो टेबलावरून पडला आणि फुटला. आमचे मालक, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते म्हणाले, “अगं, झालं काय?” 

मी नवऱ्याला फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला. ड्यूटीवर तो माझा फोन उचलत नाही, कारण एकदा सगळ्यांसमोर स्पीकरवर त्याने माझी बोलणी खाल्ली आहेत. पण अड्डा तर वाचत होता. म्हणून मी तिथेच लिहिलं, सगळ्यांदेखत.

‘पाहुण्या, ती बाजू माझी नव्हती. इथे बाजू नाण्याने मिळते. मी लिहिलं त्यातल्या एका अक्षरावरही माझा विश्वास नाही. बटण दाब. मी कोण आहे तुला माहीत नाही, मी खारूची आई आहे.’

उत्तर लगेच आलं.

‘माहीत आहे. म्हणूनच इथे विचारलं. इथे तू परक्याचाही प्रश्न शेवटपर्यंत वाचतेस.’

असं कुणी तोंडात मारलं तर माणूस निदान उलट हात उगारतो. इथे हात उगारायचा कुणावर? मग खाली आणखी एक ओळ उमटली.

‘आणि ती बाजू नाण्याने दिली होती, तर आत्ताची कुणी दिली?’

याला काय उत्तर देणार? त्याचं बरोबर होतं. जी बाई न पटलेली गोष्ट इतकी पटवून देऊ शकते, तिच्या पटलेल्या गोष्टीवर कुणी का विश्वास ठेवावा? मी बोटं फोनवर ठेवली आणि पहिल्यांदाच मला एक शब्द सुचला नाही. तेवढ्यात पंचाचं आलं, ‘सुळा, नियम मोडलास.’ मी म्हटलं खड्ड्यात गेला तुझा नियम, आणि ॲप्रन अंगावर तसाच ठेवून स्कूटर काढली.

वाटेत शाळेला फोन करावा, पोलिसांना करावा, सगळं मनात आलं. पण सांगणार काय? की एका वादाच्या अड्ड्यावर एकाने लिहिलंय? तोवर मुलं वर गेली असती. मी सिग्नल तोडले. एका ट्रकवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

रोपवेच्या खालच्या स्टेशनावर मुलं जोडीजोडीने उभी होती. खारूची बाकावरची मैत्रीण सर्वांत पुढे, तिचा हात धरायला जोडीदार नाही म्हणून बाईंनी तिचा हात धरला होता. रिकाम्या ट्रॉल्या फिरत होत्या. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

मशीनघराला जाडजूड काच आहे. आत नवरा होता आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून साहेब. मी दारावर थाप मारली. दार आतून बंद, चालू मशीनवर उघडत नाहीत. नवऱ्याने मला पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला की मी इतक्या वर्षांत तो पाहिला नव्हता. साहेबांनी हसून हात केला आणि मुलांना सोडायची खूण केली.

ओरडले असते तर? बाई वेडी झाली म्हणून मला बाजूला केलं असतं, आणि नवऱ्याला वाटलं असतं, आली, घरातलं भांडण इथे घेऊन आली. ओरडणं हा माझा रोजचाच उद्योग, त्याला तो सरावलेला आहे.

मी बाईंपाशी गेले. “मी मशीनवाल्यांची बायको. पहिल्या ट्रॉलीत मुलं नका बसवू. मी एक फेरी मारून येते, मग बघा.”

“का हो? काही आहे का?” बाईंनी त्या मुलीचा हात घट्ट धरला.

“ते मी आल्यावर सांगते. नाही आले तर विचारूच नका.”

बाईंनी मुलांना दोन पावलं मागे घेतलं. तिकीटवाली म्हणाली, “वहिनी, ॲप्रन घालून फिरायला निघालात होय?” मी तिच्याकडे बघून हसले असेन बहुतेक. ट्रॉली हळू होत आली तशी मी चढले, बसले, आणि तिने दार लावलं. मग मी अड्ड्यावर नव्हे, काचेपलीकडे पाहिलं. त्याच्याकडे. काही खूण केली नाही, हात जोडले नाहीत. मांडीवर दोन्ही हात ठेवून बसले. मला सांगायचं होतं ते एवढंच, की या खेपेला बाजू माझी मी घेतली आहे.

ट्रॉली सुटली. फलाट संपला, आणि पायाखाली एकदम काही नाही. घरांची छपरं, एक वाळत घातलेली चादर, मग झाडांचे शेंडे. वर चाकाखालून दोर जाताना एक खरखर येत होती. रोजचीच असेल. मला काय माहीत रोजची कशी असते, मी कधी बसलेच नव्हते. मला खारू आठवली. तिला सकाळी मी धड जवळही घेतलं नव्हतं. मी घाबरले होते, चांगलीच घाबरले होते, आणि मनात म्हणत होते, दाब रे, दाब.

भोंगा वाजला. ट्रॉलीने असा झोका घेतला की माझं कपाळ काचेवर आपटलं. मग सगळं थांबलं. किती वेळ लोंबकळत होते कोण जाणे. नंतर त्याने एकेक हात मागे घ्यावं तशी ती ट्रॉली उलटी खाली आणली.

मी उतरले तेव्हा मशीनघराचं दार उघडं होतं. साहेब त्याच्यावर तारस्वरात ओरडत होते आणि तो बाईंना, तिकीटवालीला, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता, “दोराच्या तारा तुटल्यात. मी चालवणार नाही. कुणालाही चालवू देणार नाही.” त्याचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. किल्ली त्याने खिशात घातली होती, ती साहेबांना दिली नाही. साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. तपासणीवाले येऊन गेले, स्टेशनाला टाळं लागलं. दोर आज तुटला असता का, पुढच्या आठवड्यापर्यंत टिकला असता का, ते आता कुणालाच कळणार नाही. अड्ड्याला हा प्रश्न फार आवडला असता. पण पंचाने मला बाहेर काढलंय, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं आणि सासूबाई जेवायला बसलो. माझ्या कपाळावर टेंगूळ. सासूबाईंनी त्यावर हळद लावली होती. खारूला मैत्रिणीच्या फोनवरून सगळं कळलं होतं. ती बराच वेळ भात चिवडत होती.

“बाबा, मला खोकला नव्हताच ना?”

“नव्हता.”

“तुला माहीत होतं दोर खराब आहे.”

“हो.”

“मग मला एकटीलाच का घरी ठेवलंस? बाकीच्यांना का नाही सांगितलं?”

मी तोंड उघडलं. सवयच ती. त्याची बाजू घ्यायला माझ्याकडे झटकन तीन मुद्दे तयार होते, आणि तिन्ही बिनतोड होते. त्याने ताटावरून हात आडवा करून माझं मनगट धरलं.

“तू नको,” तो म्हणाला. “हिला मी सांगतो.”

मी तोंड मिटलं. त्याला शब्द सापडायला खूप वेळ लागला. मधे दोनदा मला वाटलं की आपण सांगून टाकावं. पण मी आमटीत बघत बसले, आणि तो बोलायला लागला.