मायची नजर

सुगंधाबाईची आधीची लेकरं बाळसं धरण्याआधीच गेली होती. उखर्डू जन्मला तो स्वराज्य आलं त्या साली. गावची रीत अशी की, अशा पोराला जन्मताच उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीने उचलायचं आणि आईने सूपभर ज्वारी देऊन ते विकत घ्यायचं. मग मरणाला वाटतं, हे फेकलेलं पोर, याला नेऊन काय करायचं. चोपड्याभोवतीच्या गावांत असे उखर्डू गल्लोगल्ली सापडतील. सकाळी उकिरडा आणि दुपारी आईची मांडी, एवढाच तो खेळ असतो.

पण दाई बेबाबाई जाता जाता बोलून गेली, "पोऱ्याना तोंडकडे देखू नको वं. मायनी नजर पहिले लागस."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. सुगंधाबाई पाणीसुद्धा फुंकू लागली. तिने देवीला बोलून टाकलं, पाच वर्षं याला माझा म्हणणार नाही. पाजताना ती भिंतीकडे बघायची. पोर दूध सोडून तिच्या तोंडाकडे टकमक बघत हसायचं, तेव्हा ती चेहऱ्यावर पदर ओढून घ्यायची. आतून तिचा जीव तुटायचा. तुटला तर तुटो, पोर जगलं पाहिजे. नवरा जीवराम केळीच्या बागेतून आला की म्हणायचा, "घे ना त्याले." ती मानेनेच नाही म्हणायची. हळूहळू पोराने हसणं सोडलं, मग रडणंही सोडलं. बायका म्हणायच्या, किती गुणी पोर. आग लागो असल्या गुणाला, पण तेव्हा ते कोणाला कळत होतं?

उखर्डू जगला. पाच वर्षं सरली, नवस फिटला, अंगणात बायका जमल्या. सुगंधाबाईने त्याला नवा सदरा घातला आणि सगळ्यांदेखत त्याला आपला म्हणाली, "हाऊ मना पोऱ्या शे."

बायकांना बांगड्या भरायला चोपड्याची बांगडीवाली अकबरी आली होती. तिने सवयीने थट्टा केली, "चल बेटा, मेरे साथ चलता क्या?"

असं विचारलं की कुठलंही पोर आईच्या पदरात तोंड लपवतं. त्यासाठीच तर विचारायचं असतं. उखर्डू उठला, अकबरीचं बोट धरलं आणि दाराकडे चालू लागला. बायका हसल्या. आता मागे बघेल, मग बघेल, म्हणून सुगंधाबाई वाट बघत राहिली. त्याने बघितलं नाही.

अकबरीचं हसू मावळलं. "जा बेटा, अपनी माँ के पास जा."

पोराने सगळ्या बायकांकडे पाहिलं आणि त्यातल्या त्यात जवळ होती त्या प्रमिलाबाईपुढे जाऊन उभा राहिला.

"मी नई रे," ती ओशाळून म्हणाली. "ती शे तुनी माय."

तो मुकाट्याने तिकडे गेला आणि सांगितलं तसा मांडीवर बसला. सुगंधाबाईने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून पहिल्यांदा मन भरून पाहिलं. बाजारात कोणाकडेही बघावं तसं तो तिच्याकडे बघत होता. तिला हुंदका आवरेना. तिच्या डोळ्यांतलं पाणी खाली टपकू लागलं, तसा उखर्डू जरा बाजूला सरकला, सदरा भिजू नये म्हणून.