ग्रहणातलं गवत

वडनेरच्या प्रेमदासची ताना त्या वर्षी चौथ्यांदा तालुक्याच्या दवाखान्यात आली, तेव्हा तिचं नाव कोणी विचारलं नाही. लीलाबाई नर्सने तिला दारातच तिच्या आईच्या, धुरपताच्या कडेवरून उचलून घेतलं.

"आली माही मालकीन. तुह्यी खाट कालच झाडून ठेवली व माय."

ताना हसली नाही. पावणेचार वर्षांची पोर. हातापायांच्या काड्या, पोट टम्म, डोळे हळदीसारखे पिवळे. हाताला जरा धक्का लागला तरी ती मांजरीच्या पिलासारखी बारीक ओरडायची.

तिच्या केसपेपरावर दोन वर्षं एकच शब्द होता : हिवताप. क्विनीन देऊन झालं, घरोघर डीडीटी फवारून झालं, पण पोरीच्या पोटात वाढलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, काही कमी झाली नाही. नागपूरहून गेल्याच वर्षी नेमणुकीवर आलेल्या डॉक्टर कमलाने तिच्या रक्तात हिवतापाचे जंतू पाच वेळा शोधले होते आणि पाचही वेळा ते सापडले नव्हते. जे सापडत नाही त्यावर औषध देत राहण्याची तिला आता लाज वाटू लागली होती. कॉलेजात सरांनी ओझरती सांगितलेली एक तपासणी तिला आठवली. तानाच्या बोटातला थेंब तिने काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि आत हवा जाऊ नये म्हणून कडेने व्हॅसलीन फिरवलं. काच दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या उजेडात तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गोल पेशी जवळपास उरल्याच नव्हत्या. सगळ्या बाकदार, दोन्हीकडे टोक काढलेल्या. क्षणभर तिला आनंद झाला, अवघड गणित सुटल्यावर होतो तसा. मग त्या गणिताचं पुढचं उत्तर तिला आठवलं. याला औषध नव्हतं. अशी मुलं बहुधा मोठी होत नाहीत.

लीलाबाईंनीही डोकावून पाहिलं. "अव माय, हे तं इळेच होय. कोनाच्या वावरात चालले हे?"

रोग ज्याच्या घरात आहे त्याला तो त्याच्या भाषेत कळला पाहिजे, असं कमलाचं मत होतं. संध्याकाळी ती तानाच्या खाटेवर बसली आणि केसपेपराच्या मागे तिने एक गोल काढला. त्याच्याशेजारी विळा काढला.

"तुमच्या-माझ्या रक्तात असे गोल कण असतात, धुरपता. तानाचे असे वाकतात. मग बारीक नळ्यांत अडकतात. म्हणून तिचे हातपाय ठणकतात."

धुरपताने कागद हातात घेतला. "इळा हाय हा," ती म्हणाली. मग ती खाटेशी बसलेल्या नवऱ्याकडे वळली. "त्या ग्रहनाच्या दिवशी मी गवत कापलं होतं."

"कोनत्या?" प्रेमदास म्हणाला.

"हे पोटात होती तवा. सांजच्या पारी सूर्याले लागलं होतं. माय म्हने घरात बैस, कशालेच धार लावू नोको. बकरी वरडून राह्यली होती. म्या म्हटलं, चार मुठी गवत, कितीक वेळ लागते?"

"आपुन आता ग्रहन मानत नाई," प्रेमदास म्हणाला. "दोन साल झाले दीक्षा घेऊन."

"तवा तं मानत होतो ना."

कमला म्हणाली की ग्रहणाचा आणि याचा काही संबंध नाही. धुरपता शाळेतल्या पोरीसारखी मान डोलवत राहिली. मग तिने दोन्ही तळहात कमलासमोर धरले. ते चिरले होते, बोटांची कातडी सोलली होती. तिला पुन्हा पाचवा महिना होता.

"या खेपेले मी इळ्याले हातच नाई लावला, बाई. खुरपी बी नाई. निंदनाले गेली तं सारं गवत हातानं उपटलं. बाया हासत मले. हासो बापा. याले काही नाई होनार."

कमलाने प्रेमदास आणि धुरपता दोघांच्याही बोटांतून रक्त घेतलं. पुस्तकात लिहिलं होतं तसंच निघालं. दोघांच्याही काचेवर विळे दिसले, तानाच्या मानाने थोडे. आई धडधाकट, बापही धडधाकट. दोघांचं मिळून पोरीत आलं. आणि पुढच्या प्रत्येक वेळी चारांत एकदा येणार.

"मी तिला खरं सांगणार आहे," ती लीलाबाईंना म्हणाली. "उगाच पाप डोक्यावर घेऊन बसली आहे."

लीलाबाई सुया उकळत होत्या. "तिच्यापाशी एकच पाप हाय, बाई. तेवढंच राहू द्या. तुमी तं तिले दर खेपेचं देऊन राह्यल्या."

चौथ्या दिवशी तानाला ताप भरला, आणि पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. प्रेमदास बैलगाडीची सोय पाहायला बाजाराकडे गेला. धुरपताने वाटीत कोमट पाणी मागून घेतलं आणि ओल्या फडक्याने पोरीचं अंग पुसायला लागली. कमला खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

"बाई, खरं सांगजा. मी त्या दिवशी इळा नसता धरला, तं हे जगली असती ना?"

"नाही. तुझा काही दोष नाही, धुरपता."

"मंग कोनाचा?"

"कोणाचाच नाही. थोडं तुझ्या रक्तात आहे, थोडं प्रेमदासच्या. तानात दोन्हीकडचं आलं."

धुरपताचा हात थांबला. हिशेब करायला तिला वेळ लागला नाही. तिने मान खाली घालून आपल्या पोटाकडे पाहिलं.

"म्हंजे हे बी?"

"सांगता येत नाही. चारांत एखादं निघतं असं."

"कोनतं?"

"ते आधी कळत नाही."

"अन् याच्या मांगून होईन ते?"

"त्याचंही तसंच."

"नाई," धुरपता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "गवत मीच कापलं. बकरी बी आठवते मले, एका शिंगाची."

"मी दोघांचं रक्त पाहिलं आहे, धुरपता."

"पाह्यलं असन. पन मले असं नोका सांगू. माह्या हातानं झालं असन, तं मी हात आवरीन. रक्त कसं आवरू?"

धुरपताने फडकं वाटीत बुडवून पिळलं.

"एकडाव तुमी म्हना, बाई. म्हना, का तूच कापलं."

कमलाने लीलाबाईंकडे पाहिलं. त्या शेजारच्या खाटेची चादर घडी घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तूच कापलंस," कमला म्हणाली.

धुरपताने मान हलवली आणि तानाचा दुसरा पाय पुसायला घेतला.