शोकवार्तेतला माणूस

"नोंग पिडोय, पाद्रीबाबा जिना चढतायत! तुमचं पान कुठाय?"

वृत्तसंपादक रॉली दारातूनच ओरडला. नोंग म्हणजे दादा. पिडोय, म्हणजे आमची यंत्रं सांभाळणारा एल्पिडिओ. त्याला तो दादा म्हणायचा, पण मान काय तो तेवढाच. त्याची टर उडवणं हा आमच्या ऑफिसचा विरंगुळा होता आणि सगळ्यांत आधी हसायचा तो एल्पिडिओच. मला त्या हसण्याचाच राग यायचा.

फिलिपिन्समधल्या इलोइलोचं आमचं वर्तमानपत्र त्या रविवारी इंटरनेटवर जाणार होतं. परदेशात राबणाऱ्या आमच्या माणसांसाठी महिनाभर तशी जाहिरात चालली होती. युनिक्सचा नवा सर्व्हर आला होता आणि त्यावर पानं प्रसिद्ध करणारी प्रणाली एल्पिडिओनं एकट्यानं बसवली होती. ती चालत होती, पण पान उघडायला गेलं की पडद्यावर एकच ओळ यायची: परवानगी नाही.

चाचणीसाठी कसला तरी मजकूर हवा होता, म्हणून रॉलीनं एल्पिडिओचीच शोकवार्ता लिहून दिली होती, फोटोसकट. "तुमच्याबद्दल छापण्यासारखं दुसरं आहे काय, नोंग?" एल्पिडिओ हसला होता.

चाचणीच्या फोल्डरातून तपासलेलं एकेक पान उचलून पुढं न्यायचं, अशी रीत होती. पण उद्घाटनाला आलेल्या पाद्रीबाबांनी सर्व्हरवर पवित्र पाणी शिंपडायला हात उचलला, तसा एल्पिडिओचा धीर सुटला. त्यानं अख्ख्या फोल्डरला परवानगी दिली आणि एकाच कमांडमध्ये सगळा पुढं ढकलला. पहिलं पान झळकलं. मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आतली पानं कोणी उघडलीच नाहीत.

आम्ही शेवया खात होतो तेव्हा फोन वाजला. रॉलीनं घेतला, मग हातानं फोन झाकून म्हणाला, "लोर्ना आहे, आपल्या जाहिरात विभागातली. काय रडतेय बघा, नाटकी कुठली!" आणि फोनवर गंभीर आवाजात, "होय बाई, गेले. शेवटपर्यंत यंत्राला हात लावून होते. आम्ही त्यांचंच जेवतोय."

एल्पिडिओला हसता हसता ठसका लागला.

बुधवारी दारात एक काळे कपडे घातलेली बाई उभी राहिली. हातात बॅग, ओठ सुकलेले.

"माझ्या नवऱ्याला कुठं ठेवलंय? कुठल्या शवगृहात? इंटरनेटवर वाचून मी रविवारी फोन केला, तर तुमच्यातलंच कोणी म्हणालं, गेले."

"कोणाला?" एल्पिडिओनं मान न वळवता विचारलं.

ती रेमी होती, त्याची बायको. हाँगकाँगला ती घरकाम करायची आणि तिच्या पगारावर मुलीचं नर्सिंगचं कॉलेज चालायचं. तिनं त्याला पाहिलं आणि भिंतीला हात टेकला.

"वहिनी, नवा जन्म झाला म्हणा!" रॉली म्हणाला. "पार्टी द्या आता."

आणि एल्पिडिओ हसला. सवयीनं हसला, दुसरं काही नाही. पण रेमीनं ते पाहिलं.

"मॅडम सोडत नव्हती," ती त्याच्याकडे बघत सावकाश म्हणाली. "मी तिच्या पायाशी बसून रडले. ती म्हणाली, गेलीस तर परत येऊ नकोस. मी आले."

"चूक माझीच झाली, रेमी. घाईत सगळा फोल्डर..." तो खुर्चीतून उठला. "मग आता लेकीचं कॉलेज?"

"ते मेलेल्या माणसानं विचारायचं नसतं."

रेमीनं बॅग उघडून पातळ कागदात गुंडाळलेला बारोंग बाहेर काढला. अननसाच्या धाग्याचा पांढरा सदरा, आमच्याकडे लग्नात घालतात, नाहीतर शवपेटीत. एल्पिडिओला तसला कधी मिळाला नव्हता. तिनं तो त्याच्या खांद्यांना लावून बघितला. मापात होता.

"घालू?" त्यानं हळूच विचारलं.

"आत्ता नको," ती म्हणाली. तिनं बारोंगची नीट घडी घालून तो पुन्हा कागदात ठेवला आणि बॅग बंद केली.